गुरांच्या डॉक्टरकीची वही

माझ्या लेकीने एक आख्खा उन्हाळा प्राण्यांच्या दवाखान्यात घालवला आणि त्यातले जवळपास निम्मे तास आम्हाला अर्जात लिहिता आले नाहीत. हायस्कूल संपल्यावरची सुट्टी होती. घराजवळच्या एका लहानशा दवाखान्यात ती सकाळी जायची. पिंजरे पुसायची, कुत्री धरायची, डॉक्टर टाके घालत असले की मागे उभी राहून बघायची. तीन वर्षांनी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पशुवैद्यकीय कॉलेजचा अर्ज भरायला बसलो, तोवर ते डॉक्टर निवृत्त झाले होते, दवाखाना विकला गेला होता आणि नव्या मालकांकडे जुन्या स्वयंसेवकांची कसलीच नोंद नव्हती. लेकीला एका मांजराच्या आतड्यातून काढलेला दोरा लख्ख आठवत होता. बाकी सगळं "मी जवळजवळ रोज जायचे" एवढ्यावर येऊन थांबायचं. अर्जाला मात्र आकडा हवा होता.

तेव्हापासून ओळखीतल्या मराठी घरांतून कुणाचं मूल "मला व्हेट व्हायचंय" म्हणालं की फोन माझ्याकडे येतो, आणि मी पहिलं वाक्य तेच बोलते: आजपासून वही ठेवा. वही म्हणजे काय, त्यात काय लिहायचं, कुठला तास कुठल्या रकान्यात जातो, हे दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी हे प्रकरण मुळात काय आहे ते. आपल्या महाराष्ट्रात पशुवैद्यक व्हायचं तर बारावी करायची, नीट ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि त्या गुणांवर बीव्हीएस्सी अँड एएच या पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं कॉलेज असो, की नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ असो, प्रवेशाच्या वेळी "तू आजवर किती तास जनावरांजवळ घालवलेस?" असं कुणी विचारत नाही. ज्याने जन्मात म्हैस जवळून पाहिली नाही असा मुलगाही आत जाऊ शकतो. म्हैस त्याला पुढे भेटते.

अमेरिकेत क्रम उलटा आहे. इथे हे शिक्षण पदवीनंतरचं, किंवा निदान पदवीचे ठरावीक विषय पुरे केल्यानंतरचं. त्यापुढे चार वर्षं डीव्हीएम या पशुवैद्यकाच्या पदवीची. मान्यताप्राप्त कॉलेजं देशभरात मिळून तीस-पस्तीस, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांच्या कॉलेजांपेक्षा कितीतरी कमी. कॉलेजांना आधीच खात्री हवी असते की या मुलीला हे काम कसं असतं ते माहीत आहे. फक्त गोंडस पिल्लं पाहून ती आलेली नाही. कुजलेल्या जखमेचा वास, मालकाचं रडणं, पहाटे तीनला अडलेली गाय, हे तिने पाहिलंय आणि पाहूनही तिला हेच करायचंय. या खात्रीचा एक पुरावा म्हणजे तास.

बहुतेक कॉलेजांचा अर्ज व्हीएमकॅस नावाच्या एकाच सामायिक पोर्टलवर भरतात. अमेरिकन पशुवैद्यकीय कॉलेजांची संघटना ते चालवते. वर्षाच्या सुरुवातीला अर्ज उघडतो, सप्टेंबरच्या मध्यावर बंद होतो, आणि त्यातून जो प्रवेश मिळतो तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. अनुभवासाठी अर्जात वेगवेगळे कप्पे आहेत: पशुवैद्यकीय अनुभव, प्राण्यांचा अनुभव, संशोधन, नोकरी, स्वयंसेवा आणि इतर उपक्रम. सगळा गोंधळ होतो तो पहिल्या दोन कप्प्यांत. ते दोन समजले की बाकीचे आपोआप समजतात.

गाय तीच, गोठा तोच

हा फरक मला कुठल्या नियमावलीतून कळला नाही. माहेरच्या गोठ्यात कळला.

माझा भाऊ सांगली जिल्ह्यात असतो. दावणीला पाच-सहा जनावरं असतात. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतर पाच आठवडे मामाकडे राहिली. सकाळी मामाबरोबर शेण काढायची, वैरण टाकायची, कास धुवायची, धार काढायला शिकली. एक गाय व्याली आणि वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, पडेना. मामाने दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी येऊन ताप पाहिला, तपासलं, औषध दिलं, काय लक्ष ठेवायचं ते सांगितलं. लेक गाईचं तोंड धरून उभी होती आणि डॉक्टर तिला एकेक गोष्ट समजावत होते.

शेण काढणं, धार, वैरण, वासराला चीक पाजणं: हा प्राण्यांचा अनुभव. जनावराशी थेट काम आहे, पण पशुवैद्यकाची देखरेख नाही. डॉक्टर गोठ्यात आले तिथपासून ते जाईपर्यंतचा तास: हा पशुवैद्यकीय अनुभव. गाय तीच, गोठा तोच, मुलगीही तीच. फरक पडतो तो जबाबदारी कुणाची आणि शिकवणारं कोण यावर.

हा दाखला डोक्यात ठेवला की बाकीचे प्रश्न सुटतात. प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्री फिरवली: प्राण्यांचा अनुभव. त्याच निवाऱ्याच्या नसबंदी विभागात डॉक्टरांच्या हाताखाली भूल उतरणाऱ्या मांजरांवर लक्ष ठेवलं: पशुवैद्यकीय. घोड्यांच्या पागेत खरारा केला, गव्हाण साफ केली: प्राण्यांचा. त्याच पागेत डॉक्टर लंगडणारा घोडा तपासायला आले आणि तुम्ही त्यांच्याबरोबर होतात: पशुवैद्यकीय. शेजारणीचा कुत्रा पैसे घेऊन सांभाळला: प्राण्यांचा अनुभव, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरचा स्वतःचा कुत्रा मात्र सहसा धरत नाहीत. लेकीने दहा वर्षं आमच्या लॅब्रॅडॉरवर जीव लावला, पण ते तास कुठेच लिहिले नाहीत. इथल्या ग्रामीण भागातली मुलं फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबात शेळी किंवा कालवड वाढवून जत्रेत दाखवतात, ते मात्र धरलं जातं, कारण त्यात शिस्तीने केलेलं संगोपन आहे. तिथेही तास मोजायचे ते प्रत्यक्ष हात लावल्याचे. शेळी चोवीस तास आपल्याकडे होती म्हणून चोवीस तास होत नाहीत.

दवाखान्यात नुसते पिंजरे धुणाऱ्याचे तास कुठे टाकायचे, यावर मुलं फार अडतात. छप्पर दवाखान्याचं आहे म्हणून सगळंच पशुवैद्यकीय होत नाही. मी विचारते, त्या वेळात डॉक्टर किंवा त्यांचा तंत्रज्ञ तुला काही दाखवत, सांगत होता का? पेशंटवर लक्ष ठेवायला तुला जबाबदार धरत होता का? हो असेल तर पहिला कप्पा. केवळ बोर्डिंगला ठेवलेल्या कुत्र्यांची सोय असेल तर दुसरा. एकाच दवाखान्यात आधी एक आणि सहा महिन्यांनी दुसरं काम केलं असेल, तर दोन वेगळ्या नोंदी कराव्यात. तेच प्रामाणिक दिसतं, आणि मूल पुढे सरकत गेलं हेही त्यातून दिसतं.

आणि एक तास एकाच कप्प्यात. दवाखान्यात पगारी काम केलं तर ते पशुवैद्यकीय अनुभवातही आणि नोकरीतही, असं दोनदा लिहायचं नाही. पगार मिळाला की नाही याने अनुभवाची जात बदलत नाही.

किती तास पुरतात?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, म्हणून मी तो मुद्दाम उशिरा घेते. सगळीकडे लागू पडेल असा आकडा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉलेजने किमान १८० तास पशुवैद्यकीय अनुभव मागितला आहे. काही कॉलेजं त्याहून जास्त मागतात, काही आकडाच देत नाहीत, पण अर्ज वाचताना तास बघतातच. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे ज्या कॉलेजांना अर्ज करायचा त्यांची पानं दर वर्षी नव्याने वाचावीत. मैत्रिणीच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विविधता. हजार तास एकाच शहरी दवाखान्यात, कुत्रीमांजरं सोडून दुसरा जीव पाहिला नाही, असं असेल तर अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. लहान प्राणी, दुभती आणि मांसाची जनावरं, घोडे, वन्यप्राणी, निवारा, प्रयोगशाळा, यांपैकी तीन-चार ठिकाणी तरी पाय टाकलेला असावा, आणि त्यातल्या एका ठिकाणी खोलवर उतरलेलं असावं. म्हणूनच वहीत प्राण्याची जात हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. नाहीतर शेवटी "मिश्र दवाखाना, ४०० तास" एवढंच हाती राहतं आणि त्यातले गाईंचे किती, पोपटांचे किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

वहीत काय लिहायचं

लेक आधी कागदी वही वापरायची. खिशात मावेल अशी, कारण गोठ्यात किंवा दवाखान्यात फोन बाहेर काढलेला बरा दिसत नाही. आठवड्याच्या शेवटी ते सगळं गूगल शीटवर उतरवायची. दोन्ही ठेवा असं मी सांगते. कागद हरवतो, फोन पाण्यात पडतो, दोन्ही एकदम सहसा जात नाहीत.

रोजच्या ओळीत तारीख, ठिकाण, देखरेख कुणाची, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जेवणाची सुट्टी वजा करून तास, कप्पा, प्राणी, काय केलं आणि काय पाहिलं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. "केलं" म्हणजे स्वतःच्या हाताने: धरलं, वजन केलं, तापमान घेतलं, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन बांधली. "पाहिलं" म्हणजे डॉक्टरांनी केलेलं. अर्जात "शस्त्रक्रियेत सहभागी" असं गुळमुळीत लिहिणारी मुलं मुलाखतीत अडखळतात. नेमकं काय केलं, असं समोरच्याने विचारलं तर उत्तर वहीत तयार असलं पाहिजे.

आणखी एक रकाना लेकीने स्वतःहून घातला होता आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: आज काय कळलं नाही. "वार हाताने ओढून का काढत नाहीत?" असा एक प्रश्न तिने मामाच्या गोठ्यातल्या त्या दिवशी लिहून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारला. ओढली तर गर्भाशयाला इजा होते आणि जंतू आत जायला वाट मिळते, हे उत्तर त्यांनी दिलं, ते खाली लिहिलेलं आहे. पुढे मुलाखतीत "तुझ्या अनुभवातला एखादा प्रसंग सांग, जिथे तू काही शिकलीस" असं विचारलं गेलं तेव्हा तिला आठवणीत शोधाशोध करावी लागली नाही.

मालकांची नावं, पत्ते, फोन वहीत नकोत. पेशंटचे फोटोही परवानगीशिवाय काढू नयेत. "सात वर्षांची मादी, पोटफुगी" एवढं पुरतं. घरचा कुत्रा मरताना त्या माणसांनी तुमच्या मुलीला खोलीत उभं राहू दिलं, तो त्यांच्या दुःखाचा क्षण होता. त्याची नोंद त्यांच्या नावानिशी आपल्या शीटवर असता कामा नये.

तास मोजण्याचे काही नियम आम्ही ठरवले आणि शेवटपर्यंत तेच ठेवले. घरापासून दवाखान्यापर्यंतचा प्रवास धरायचा नाही. पण डॉक्टरांच्या गाडीतून एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर जातानाचा वेळ धरायचा, कारण खरं शिक्षण पुष्कळदा त्या गाडीतच होतं. घोडी विणार म्हणून रात्रभर पागेत मुक्काम केला तर झोपलेले तास वजा. अर्ध्या तासाच्या खालचं धरायचं नाही. तुमचे नियम थोडे वेगळे असले तरी चालतील, पण सगळ्या ठिकाणांना तेच लावा.

सरासरीचा चकवा

अर्जात प्रत्येक अनुभवासाठी सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे सरासरी तास, आठवडे आणि एकूण तास असं द्यावं लागतं. इथे वही नसलेल्यांची फसगत होते. एक उदाहरण घेऊ.

एक मुलगा सप्टेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत दर शनिवारी चार तास दवाखान्यात गेला. पहिल्या सत्रात पंधरा शनिवार, त्यातले दोन चुकले: १३ गुणिले ४, म्हणजे ५२ तास. नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे, आठवड्याला वीस तास: ६०. दुसऱ्या सत्रात सोळा शनिवार, एक परीक्षेमुळे गेला: १५ गुणिले ४, म्हणजे ६०. एकूण १७२ तास. प्रत्यक्ष काम झालेले आठवडे १३ अधिक ३ अधिक १५, म्हणजे ३१. सरासरी साधारण साडेपाच.

आता हाच मुलगा दोन वर्षांनी आठवून लिहितो: "सप्टेंबर ते मे म्हणजे ३६ आठवडे. शनिवारी जायचो, सुट्टीत तर रोजच. आठवड्याला आठ तास धरू." झाले २८८. शंभरावर तास जास्त, आणि तो खोटं बोललेला नाही. त्याला नाताळचे भरगच्च दिवस आठवतात, चुकलेले शनिवार आठवत नाहीत. आठवण अशीच काम करते. पण कॉलेज त्या डॉक्टरांना फोन करू शकतं, कारण अर्जात त्यांचं नाव आणि संपर्क दिलेला असतो. "शनिवारी सकाळी यायचा, चांगला मुलगा" असं ते सहज म्हणून गेले आणि आकडा त्याला जुळला नाही, तर त्या एका नोंदीमुळे बाकीच्या सगळ्या नोंदींवर सावली पडते.

म्हणून आधी एकूण काढा, मग प्रत्यक्ष गेलेले आठवडे मोजा, मग भागाकार करा. सरासरी हे उत्तर आहे. बेरजेची सुरुवात सरासरीपासून करू नका.

अजून न झालेले तास, "ऑगस्टमध्ये शंभर होतील" वगैरे, झालेल्यांत मिसळू नका. अर्ज पाठवल्यावर जुनी नोंद बदलता येत नाही, नवी जोडता येते. आमच्या लेकीने जूनपर्यंतचे तास एका नोंदीत बंद केले आणि तिथलंच पुढचं काम नंतर वेगळं जोडलं.

गावाकडचे तास

मराठी घरांतल्या मुलांना मामाच्या किंवा आजीआजोबांच्या गावाचा मोठा आधार आहे, आणि तो वापरावा असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेच्या उपनगरात वाढलेल्या मुलीला दुभत्या जनावरांजवळ जायला मिळणं सोपं नाही. गावात ते दारातच असतं. पण नोंद करताना तीन गोष्टी नीट बघाव्या लागतात.

पहिली म्हणजे दवाखान्यात नेमकं कोण आहे. गावात सगळ्यांना "डॉक्टर"च म्हणतात. महाराष्ट्रात श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, तो पदवीधर पशुवैद्यक. श्रेणी दोनच्या दवाखान्याचा रोजचा कारभार बहुधा पशुधन पर्यवेक्षक बघतात. ते पदविकाधारक असतात, अनुभवाने पुष्कळदा फार मोठे असतात, आणि गावाचं पशुधन त्यांच्या जिवावर उभं असतं. तरी ते पशुवैद्यक नव्हेत. त्यांच्याबरोबर कृत्रिम रेतन पाहिलं, लसीकरणाला फिरलात, तर त्या दिवशी पदवीधर डॉक्टरांची देखरेख होती का, ते विचारून लिहा. नसेल तर तो प्राण्यांचा अनुभव. हे विचारायला मुलांना अवघड वाटतं. मामाला विचारायला सांगा.

दुसरी गोष्ट भाषांतराची. "पशुधन विकास अधिकारी" हे पद जसंच्या तसं इंग्रजीत केलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हा कुणी कचेरीतला बाबू आहे. सरकारी पशुवैद्यक, बीव्हीएस्सी अँड एएच पदवी, राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी, असं लिहा. डॉक्टरांचा चालू ईमेल घ्या. त्यांची बदली होणारच, म्हणून सरकारी पत्त्यावर विसंबू नका. निघायच्या आधी तासांचा एक कागद त्यांच्यापुढे ठेवून सही आणि शिक्का घ्या. अर्जात तो जोडायचा नाही, पण घरी असावा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. गावातल्या दवाखान्यात मायेपोटी, "अमेरिकेहून आलीय पोरगी" म्हणून, मुलांच्या हातात सुई देतात, टाका घालायला सांगतात. नको म्हणायला शिकवा. जे काम इथे परवाना नसलेल्याला करू देत नाहीत, ते तिथल्या जनावरावर केल्याने अर्जाला वजन येत नाही. उलट समजूतदार वाचणारा त्याकडे काळजीनेच बघतो. आणि वजन आलं असतं तरीही, ते जनावर कुणाच्या तरी घरचं दूध असतं. खोड्यात उभ्या केलेल्या म्हशीला धरायला आणि डॉक्टर काय करतायत ते बघायला मिळालं, हे पुष्कळ आहे.

जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेण्याबद्दल इथल्या डॉक्टरांशी बोला. परत येताना विमानतळावर गोठ्यात होतो हे स्पष्ट सांगा. अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या-खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग नाही, आपल्याकडे आहे. बूट तिथेच घासून धुवा, किंवा सरळ तिथेच ठेवून या, आणि परतल्यावर काही दिवस इथल्या जनावरांजवळ जाऊ नका. लेक तिचे गमबूट मामाकडेच ठेवून आली.

इथेच एच-फोर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलांबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या समाजात ती खूप आहेत आणि त्यांची कोंडी फारशी कुणी बोलून दाखवत नाही. त्यांना नोकरी करता येत नाही. वर्गातली मैत्रीण दवाखान्यात पगारी मदतनीस लागते, दोन वर्षांत हजार-दीड हजार तास जमवते. यांना निरीक्षण आणि खरीखुरी स्वयंसेवा एवढंच मोकळं असतं. जिथे इतरांना पगार मिळतो तेच काम फुकट करणंही धोक्याचं असतं, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेल्यांनीही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय बाहेरचं काम धरू नये. शिवाय काही कॉलेजं फक्त नागरिकांचे आणि ग्रीनकार्डधारकांचेच अर्ज घेतात, ते आधी बघून ठेवा. अशा मुलांचे तास कमी भरतील. पण त्यांच्या नोंदी नेमक्या असल्या तर कमी तासही नीट बोलतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

शिफारसपत्रंही या वहीतूनच निघतात. व्हीएमकॅसला किमान तीन लागतात, आणि पुष्कळ कॉलेजांना त्यातलं एक तरी पशुवैद्यकाचं हवं असतं. पत्र मागताना डॉक्टरांना वहीचा एक पानी गोषवारा पाठवा: कधीपासून कधीपर्यंत, किती तास, तुमच्याबरोबर पाहिलेल्या चार केसेस. कामाच्या रगाड्यात त्यांना तुमचा चेहरा आठवतो, तपशील आठवत नाही. लेकीच्या एका डॉक्टरांनी तिने पाठवलेल्या यादीतलीच एक केस पत्रात उचलली होती.

तास हरवले असतील तर

आता ज्यांची वही नाही त्यांच्यासाठी. फोनमधल्या फोटोंवर तारखा असतात. "आई, न्यायला ये" असे मेसेज असतात. गूगल मॅप्समध्ये जाण्यायेण्याचा इतिहास चालू ठेवलेला असेल तर तोही असतो. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर, दवाखान्याने पाठवलेले वेळापत्रकाचे ईमेल, मैत्रिणीला पाठवलेले व्हॉइस मेसेज, सगळं गोळा करा. ज्या दिवसाचा एक तरी पुरावा आहे तोच दिवस धरा. आणि जुन्या डॉक्टरांना शोधा. दवाखाना विकला गेला तरी स्वागतकक्षातली बाई त्याच गावात राहत असते.

आम्ही तसंच केलं. फोटो आणि मेसेज मिळून २३ दिवस सापडले. लेकीच्या मते ती रोज सहा तास थांबायची. जुन्या स्वागतकक्षातल्या बाईंनी निवृत्त डॉक्टरांपर्यंत निरोप पोचवला आणि त्यांचं छोटंसं उत्तर आलं. मुलगी त्यांना चांगली आठवत होती, दोऱ्याचं मांजरही आठवत होतं. पण स्वयंसेवकांना ते बाराला घरी पाठवायचे, असं त्यांनी लिहिलं होतं. आठ ते बारा, म्हणजे चार तास. २३ गुणिले ४. अर्जात ९२ लिहिले आणि देखरेखीच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं.